वाचून दाखवायचं पान

४ मार्च

मामा,

नेहमीसारखी दोन पानं आहेत. वरचं आईला वाचून दाखवा, खालचं तुमचं.

आई,

डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की मामा ओरडला की मगच? मी मजेत आहे. या हॉटेलात येऊन मला तीन वर्षं झाली. आता भटारखान्यात माझा शब्द चालतो, म्हणजे मीठ किती ते मी ठरवतो. बाकीचं मालक ठरवतो. पण मालक माणूस चांगला. पगार एक तारखेला हातात, तोही न मागता. आमच्याकडे भांडी घासणारी एक मावशी आहे, तिच्या मुलीची शाळेची फी यंदा मालकानेच भरली. असा माणूस! आठवड्याला एक सुट्टी असते. सुट्टीला आम्ही सगळे नदीकाठी जातो. बाकीचे पत्ते खेळतात, मी झोपा काढतो. जेवणाचं काय विचारतेस? भटारखान्यात राहणाऱ्याला कोण उपाशी ठेवेल! पोट सुटलंय. या महिन्याचे पैसे मामाच्या नावाने पाठवलेत, मिळाले असतील.

तुझा सोन्या

(दुसरं पान)

मामा,

पगाराचा हा सहावा महिना थकला. मागायला गेलं की मालक खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, "अरे, तू घरातला आहेस." घरातला म्हणजे ज्याला पगार द्यावा लागत नाही तो, हे मला इथे येऊन कळलं. सकाळी नऊला भट्टी पेटते ती रात्री साडेबाराला विझते. शेवटची सुट्टी मिळाली ती धुराडं बंद पडलं तेव्हा, दीड दिवस. मावशीच्या मुलीचं नाव शाळेतून कापलं. फी भरायला मावशीकडे काही नव्हतं, कारण तिचाही पगार घरातलाच.

आम्ही पाच जण कोठीच्या वरच्या खोलीत झोपतो. दाराशी मालकाचा मेहुणा झोपतो, आमच्या सोबतीला म्हणे. तो उशाखालचं सगळं चाळतो. म्हणून तुमचं पत्र वाचलं की मी शेगडीत टाकतो. तुम्हीही माझं हे पान फाडत जा. आईच्या हाती लागलं आणि तिने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं तर पंचाईत.

आईचे पैसे याही महिन्यात तुमच्या खिशातून द्या, माझे म्हणून. पगार सुटला की एकदम फेडीन.

गुंड्या


१६ मार्च

गुंड्या,

आईचं पान तीनदा वाचलं. तुझ्या आईला एकदा ऐकून पोट भरत नाही. नदीचं ऐकून म्हणाली, "पाण्यात उतरू नको म्हणावं." तर पाण्यात उतरू नकोस. मग पान पाकिटात, पाकीट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा उशाशी. दिसत नाही तरी रोज एकदा हात फिरवून बघते.

दुसरं पान मी दुकानात नेऊन वाचलं आणि असे बारीक तुकडे केले की मुंगीलासुद्धा जोडता येणार नाहीत. पैसे दिले. फेडायची भाषा माझ्याशी करू नकोस. मी फुटपाथवर एक पिन आणि एक पकड घेऊन बसलो होतो, तेव्हा तुझ्या आईने स्वतःच्या ताटातलं मला दिलंय. त्याचा हिशेब तिने कधी काढला नाही, मीही काढणार नाही.

आता ऐक. तीस वर्षं मी स्टोव्ह दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक सांगतं एक, बर्नर सांगतो दुसरं. मी बर्नरचं ऐकतो. फुरफुरला तर पिन मारायची, शिट्टी घातली तर वॉशर गेला. "तू घरातला आहेस" म्हणणारा मालक म्हणजे वॉशर गेलेला, त्यात हवा कितीही मारलीस तरी ज्योत धरणार नाही. गल्ल्यावर गर्दी असेल तेव्हा जा आणि चार गिऱ्हाइकांदेखत गोड आवाजात माग. ओरडू नकोस. आणि मिळेल ते लिहून घे. साधी चिठ्ठी चालेल, त्याची सही असली म्हणजे झालं.

तुझा मामा


२ ऑगस्ट

मामा,

आईला सांगा, मजेत आहे, धावपळीत आहे, या वेळी वेगळं पान लिहायला जमलं नाही. खाली आहे ते सगळं तुमचं.

गर्दीत मागितला. मालक हसला, सगळ्यांदेखत म्हणाला, "देतो ना राजा, सोमवारी ये." सोमवारी सकाळी गेलो तर शटरला टाळं. वरची पाटी उतरवलेली. मेहुणा पायरीवर बसला होता, आमचे कपडे पोत्यांत भरून. म्हणाला, "दिवाळं निघालं. तुम्ही तुमचं बघा." माझ्या पोत्यात भट्टीवाल्याची चप्पल आणि त्याच्या पोत्यात माझा दाढीचा ब्रश.

पंधरा दिवसांनी दोन गल्ल्या सोडून नवी पाटी लागली, मालकाच्या बायकोच्या नावाने. खुर्च्या त्याच. तिसऱ्या टेबलाच्या खुर्चीवर एक काळा डाग आहे, मीच एकदा गरम कढई टेकवली होती तिथे. बाहेरून काचेतून दिसतो.

दहा महिने, मामा. सहाही जणांचे.

आम्ही बसथांब्यावर बसलो होतो. दोघे वाढपी भाऊभाऊ आहेत, ते म्हणाले गावी परत जाऊ. कांदे चिरणारे आजोबा म्हणाले, मला तर गावही नाही. तेव्हा मावशी उठली. म्हणाली, "मी भांडी घासते म्हणून तोंडाला फडकं बांधून घेतलेलं नाही. कोर्टात जाऊ." भट्टीवाला म्हणाला, "मावशी, कोर्टात बोलायलाही पैसे लागतात." मावशी म्हणाली, "मग फुकट बोलणारी वकील शोधू."

आणि तिने शोधली. गरिबांची कामं बघणारी संस्था आहे, तिथल्या वकीलबाई. वयाने माझ्याएवढ्या असतील. त्यांनी विचारलं, सहा दावे की एक? वेगळे केले तर प्रत्येकाचं नशीब वेगळं, एकत्र केला तर जोर जास्त, पण एकाचं बिनसलं तर सगळ्यांना बाधतं. आम्ही म्हणालो, एकच. सही करायचीय. करू ना, मामा?

गुंड्या


१४ ऑगस्ट

गुंड्या,

कर.

मी शूर आहे म्हणून सांगतोय असं समजू नकोस. तुझं पान दुकानात वाचत होतो आणि समोर माझा गडी बर्नर घासत होता. गेल्या वर्षी त्याला ठेवला तेव्हा पहिल्या महिन्याचा पगार मी अडकवून ठेवला होता. पळून जाऊ नये म्हणून. सगळेच ठेवतात, त्यात वावगं आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही. पान फाडलं, गल्ला उघडला आणि त्याला पैसे दिले. तो घाबरला! म्हणाला, "शेठ, कामावरून काढताय का?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तुझी आई विचारते, पान का आलं नाही. मी म्हटलं, कामाचा माणूस झालाय. म्हणाली, "कामाच्या माणसाला आईला चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो?" तेव्हा चार ओळी लिहीत जा.

तुझा मामा


९ नोव्हेंबर

मामा,

मालकाचं उत्तर आलं. तो म्हणतो, ही माणसं माझ्याकडे जेमतेम चार महिने होती, तेवढा पगार रोख दिला, बाकी सगळं रचलेलं. हजेरीची वही त्याच्याकडे. ती म्हणे दिवाळ्यात हरवली. आमच्याकडे कागदाचा कपटाही नाही. वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही तिथे तीन वर्षं होतात, हे दाखवणारं काही? काहीही?" आजोबांनी हाताच्या तळव्यावरचे घट्टे दाखवले. बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं.

मग मला तुमची आठवण झाली. मी प्रत्येक पाकिटाच्या मागे हॉटेलचा पत्ता लिहायचो, आणि पोस्टाचा शिक्का तर सरकारचा, तो मालकाच्या बायकोच्या नावाने करता येत नाही. आईच्या डब्यातली पाकिटं पाठवा. थेट वकीलबाईंच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता खाली दिलाय. मी सध्या मिळेल तिथे झोपतो, माझ्या नावाने आलेलं हरवेल.

आणि मामा, दुसरी पानं. तुम्ही फाडत होतात, मीच सांगितलं होतं. तरी एखादं राहिलं असेल. कोटाच्या खिशात, दुकानाच्या खणात. बाई म्हणतात, त्या वेळी हाताने लिहिलेलं, तारखेचं, पगार थकल्याचं एक पान निघालं तरी मालकाला बोलायला जागा उरणार नाही.

गुंड्या


२० नोव्हेंबर

गुंड्या,

कोट उलटा केला. खण उपसले. दुकानाची फळी उचलली, तिच्याखाली तीन वॉशर आणि माझी सहा वर्षांपूर्वी हरवलेली पकड सापडली. तुझं एकही पान नाही. कामात मी असा चोख, काय सांगू! कधी नव्हे ते जरा गबाळा असतो तर बरं झालं असतं.

पण हॉटेलातून आलेली आईची पानं आहेत, एकेचाळीस. डबा मागितला तेव्हा तिने विचारलं, कशाला? मी म्हटलं, "मालक त्याला बढती देतोय. किती वर्षांची नोकरी ते दाखवायचंय." तिने डबा मांडीवर घेतला, झाकण हाताने पुसलं आणि म्हणाली, "मोजून ने, मोजून परत आण."

मग मी बसलो. चष्मा लावला, एकेक शिक्का वाचला, तारखेप्रमाणे लावलं, दोऱ्याने बांधलं. तू पाकिटं मागितली होतीस. पण रिकामं पाकीट कुणी मानेल का? म्हणतील, पाकीट कुठलंही असतं, आत काय होतं ते दाखवा. म्हणून पत्रांसकट पाठवलीत. आजच रजिस्टर केली. पोस्टातला माणूस म्हणाला, "काका, वजन जास्त आहे." म्हटलं, "तीन वर्षांचं आहे, असणारच."

वकीलबाईंना सांग, एका स्टोव्हवाल्याने लावलीत, एकही इकडची तिकडे नाही. गुंड्या, आता मालकाचा वॉशर आपण काढला बघ.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

एकच पान आहे. आईला काही वाचू नका.

काल सुनावणी झाली. मोठं कोर्ट वगैरे काही नाही, एक खोली, लांब टेबल, खिडकीला अर्धा पडदा. साहेब वयस्कर होते, आवाज मऊ. सुरुवात अशी झाली की मी तुम्हाला तिथूनच मिठी मारली असती. साहेबांनी तुम्ही बांधलेला गठ्ठा सोडला, शिक्के बघितले, मागचा पत्ता बघितला, आणि मालकाकडे वळून म्हणाले, "चार महिने?" मालक छताकडे बघत होता. मावशीने टेबलाखालून माझा हात असा दाबला की बोटं दुखली. वाढप्यांपैकी धाकटा म्हणाला, "संपलं याचं."

मग मालकाचा वकील उठला. त्याच्या हातात टाइप केलेले कागद होते. वकीलबाई इथल्याच, त्यांना आपली भाषा वाचता येत नाही, तुमचं पत्र मला मिळेपर्यंत त्यांनी पत्रं आली तशी दाखलही केली होती. कोर्टाने दुभाषा लावून सगळी इथल्या भाषेत उतरवून घेतली आणि एक प्रत त्यालाही दिली. रीतच आहे म्हणे तशी. त्याने दुभाष्याला सांगितलं, मूळ पत्र वाचा, मोठ्याने.

दुभाषा पेन्शनीतल्या मास्तरासारखा होता. सुरात वाचायचा. "पगार एक तारखेला हातात, तोही न मागता." माझंच वाक्य, मामा. तुम्ही आईला वाचून दाखवत असाल तसंच त्याने वाचलं. मग पुढचं पत्र, मग त्याच्या पुढचं. नदी, सुट्टी, सुटलेलं पोट. मालकाने छताकडे बघायचं थांबवलं होतं.

वकील म्हणाला, "अक्षर तुमचं?"

"हो."

"लिहिलंय ते खरं की खोटं?"

"खोटं."

"आईला खोटं लिहिता?"

"हो."

"किती वेळा?"

मी म्हणालो, "एकेचाळीस."

मागे कुणीतरी हसलं. तो म्हणाला, "मग आज शपथेवर सांगितलंत ते बेचाळिसावं का?"

वकीलबाई उठल्या, बोलल्या, चांगलं बोलल्या. आईपासून लपवण्यासाठी माणूस असं लिहितो, म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली. पण त्या वकिलाने आणखी एक कागद काढला. "दरमहा घरी पैसे जात होते, असं प्रत्येक पत्रात आहे. पगार नव्हता तर कुठून जात होते?" मी म्हणालो, मामा देत होते. "मामा हजर आहेत? त्यांचं काही लेखी आहे?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, ते घरातलं आहे.

आणि शेवटी त्याने ते मार्चचं पत्र घेतलं. दुभाषा वाचत गेला, "भांडी घासणारी एक मावशी आहे, तिच्या मुलीची शाळेची फी यंदा मालकानेच भरली. असा माणूस!"

मावशीने हात सोडला. बाहेर जिन्यात आल्यावर तिने विचारलं, "माझ्याबद्दलही लिहिलंस?"

मी म्हणालो, "आईला बरं वाटावं म्हणून."

ती म्हणाली, "तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून माझ्या पोरीची फी भरलीस होय रे?"

बाकीचे चौघे पुढे निघून गेले होते. भट्टीवाल्याची चप्पल अजून माझ्याकडेच आहे, एका पायाची. ती द्यायची राहिली.

गुंड्या


१ मार्च

गुंड्या,

तू पाकिटं पाठवा म्हणाला होतास. मी पत्रं पाठवली. तुझ्या पत्रातली ती ओळ मी आता रोज वाचतो, "डब्यातली पाकिटं पाठवा." त्यात न कळण्यासारखं काय होतं? पण शहाणपणा नडला. आणि गंमत बघ, ती एकेचाळीसच्या एकेचाळीस मी मोठ्याने वाचली होती, प्रत्येक तीनदा. मला पाठ आहेत. तरी बांधताना एकदाही वाटलं नाही की यात काय लिहिलंय. मी शिक्के मोजत बसलो होतो.

सोबत स्टँप पेपर आहे. तुझ्या आईला महिन्याचे पैसे मी दिले, तू नाहीस, असं शपथेवर लिहून, सही करून, दोन साक्षीदार घेऊन पाठवतोय. एक साक्षीदार माझा गडी. बाईंना लगेच नेऊन दे. लागलं तर मी येतो. मी गाडीत बसलो की तिसऱ्या दिवशी तिथे. फक्त ये म्हण.

मामा


२५ एप्रिल

गुंड्या,

तुझं उत्तर नाही. हे पत्रही मी वकीलबाईंच्या पत्त्यावर पाठवतोय, त्या देतील.

फेब्रुवारीपासून आईसाठी पान नाही. ती रोज संध्याकाळी खुर्ची दाराकडे तोंड करून बसते. विचारत नाही, नुसती बसते. परवा मला राहवलं नाही. दुकानातून एक कोरा कागद घेतला, जुन्या पाकिटात घातला, ते तिच्यासमोर फोडलं आणि वाचायला लागलो. मजेत आहे, बढती मिळाली, काम वाढलंय म्हणून उशीर झाला. तुझी वाक्यं मला इतकी येतात की कुठे अडखळलो नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आज एकच पान?"

मी म्हटलं, "एकच असतं की."

"दोन असतात. एक तू वाचतोस, एक खिशात जातं. घडी न मोडता. तुला काय वाटतं, कान काय फक्त तुलाच दिलेत देवाने? तू स्टोव्ह ऐकतोस, मी तुला ऐकत आलेय. लहानपणापासून."

मग मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. पगार, टाळं, खुर्चीवरचा डाग, कोर्टातला मास्तर, जिन्यातली मावशी. मध्ये तिने एकदाच विचारलं, "ती पोर कितवीत होती?" मला माहीत नव्हतं. म्हणाली, "त्याला लिहून विचार."

मी म्हटलं, "माहीत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्याने दुसरं पान लिहिणंच बंद केलं असतं. मला नाही तर तुला, कुणाला तरी खरं सांगत होता ना? मग मी ऐकायची एकेचाळीस वेळा नदी."

मी म्हटलं, चुकलंच आमचं. तर म्हणाली, "त्याने लपवलं ते मला कळत होतं. तू फाडत होतास ते नव्हतं माहीत. मला वाटायचं, माझ्यासारखा तुझाही एक डबा असेल."

गुंड्या, मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलंय. गिऱ्हाइकांचं, पोलिसांचं, भाडं थकलं तेव्हा घरमालकाचं. असं काही ऐकलं नव्हतं.

लिही. काहीही लिही.

मामा


१२ जून

आई,

हे तुला आहे. मामा, जसंच्या तसं वाचा, मध्ये काही गाळू नका.

निकाल लागला. मामांचा स्टँप पेपर तारीख उलटून गेल्यावर पोचला, त्यातून नातेवाइकाचा, म्हणून तो धरला नाही. साहेबांनी लिहिलंय की आम्ही तिथे तीन वर्षं पाच महिने होतो हे सिद्ध झालं. तेवढं मामांच्या बांधणीचं यश. पगार थकला हे सिद्ध झालं नाही, कारण आमच्यातल्याच एकाने स्वतःच्या अक्षरात मिळाल्याचं लिहून ठेवलंय. हॉटेलातून लिहिलेलं माझं शेवटचं पत्र जूनचं. त्या तारखेपासून टाळं लागलं तिथपर्यंत एकोणीस दिवस होतात. सहाही जणांना एकोणीस दिवसांचा पगार मंजूर झाला. तोही जुन्या हॉटेलाने द्यायचा, आणि जुनं हॉटेल आता नाही. नव्याची पाटी बायकोच्या नावाची, आणि तिने आम्हाला कधी कामाला ठेवलंच नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, वर जाता येईल. मग खाली बघून म्हणाल्या, बाकीच्या पाचांना तुमच्यासोबत एका दाव्यात राहायचं नाही.

मावशीला भेटायला गेलो. दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. तू विचारलं होतंस म्हणून मी विचारलं, मुलगी कितवीत होती. "सातवीत," म्हणाली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मुलगी आता तिच्यासोबत कामाला जाते, एका खाणावळीत. मावशीने विचारलं, "कुणाला लिहितोयस?" मी म्हणालो, आईला. ती म्हणाली, "मग सातवीत होती, असं लिही. आणि हुशार होती, तेही लिही. हे खरं आहे." आणि दार लावलं.

आजोबा कुठे गेले कुणाला माहीत नाही. भट्टीवाल्याची चप्पल मी त्याच्या खोलीच्या दाराशी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर पडलेली होती.

तुझी एकेचाळीस पानं कोर्टाच्या फायलीत आहेत. परत मिळावीत म्हणून अर्ज करता येतो. मी केलेला नाही. तू मोजून दिली होतीस, तेव्हा मोजून सांगतो, एकेचाळीसपैकी एकही परत येणार नाही.

आता माझं. मी एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आहे. स्वयंपाक नाही, बटाटे सोलतो. सकाळी सहा ते संध्याकाळी सात. सुट्टी नाही. वजन उतरलंय, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. या गावात नदी आहे, मी ती बसमधून दोनदा बघितली, काठावर कधी गेलो नाही. झोपायला कँटीनमागे खोली आहे, चौघे असतो. गेल्या वर्षी मार्चपर्यंतचे सहा महिने आणि पुढचेही मामांनी दिलेले पैसे मी फेडू शकत नाही, यंदा तर नाहीच.

इथला पगार सात तारखेला ठरला होता. आज बारा. मी आज मागितला. कँटीनवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. मग खांद्यावर हात ठेवला.

मामा, वाचून झालं की पाकिटावरचा शिक्का नीट दिसतोय ना ते बघा आणि पत्र डब्यात ठेवा. हे पान फाडू नका.

गुंड्या